शनिवारची रात्र आणि रविवारचें वचन

(शब्बाथशाळेचे शिक्षक, उपदेशक व आईबाप यांच्यासाठीं पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९, मत्तय ४:१-११, कलस्सैकरांस ३:२१.

पावसाळ्याच्या आरंभीं शाळा उघडल्या म्हणजे खेड्यापाड्यांतील उपदेशकांचीं पत्रें आम्हांकडे येऊं लागतात, व त्यांतील पुष्कळांत एकच प्रश्न असतो : मुलांकडून वर्षाकाठीं किती वचनें पाठ करून घ्यावीं ? कोणी पन्नास म्हणतो, कोणी शंभर. एका बंधूनें तर चुकलेल्या प्रत्येक शब्दामागें पांच उठाबशा असा नियम घातल्याचें, व त्यामुळें वर्गांत शिस्त चांगली राहिल्याचें, समाधानानें कळविलें आहे. ह्या बंधूंच्या आवेशाविषयीं आम्हांस आदर आहे. पण त्यांच्या नियमाचें आम्हांस भय वाटतें, आणि तें भय कोठून आलें हें सांगितल्यावांचून आजचा पाठ पुढें जाणार नाहीं.

गेल्या जून महिन्यांत मुलांचीं बक्षिसाचीं पुस्तकें घेण्यासाठीं आम्ही पुण्यास गेलों होतों. पुस्तकांचीं दुकानें अप्पा बळवंत चौकांत आहेत. तेथून जवळच शनिवार पेठेंत आमच्या ओळखीचें एक ख्रिस्ती कुटुंब जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत राहतें, त्यांच्याकडे आम्ही उतरलों. पेशव्यांनीं १७३० सालीं ज्याचा पाया घातला तो शनिवारवाडा येथून हांकेच्या अंतरावर आहे. पेठेचें नांव शनिवार, आणि आम्ही पोहोंचलों तो वारही शनिवारच होता.

दिवेलागणीनंतर त्या घरांत उद्यांच्या वचनाची तयारी सुरू झाली. मुलगी आठ वर्षांची. वचन लांब, व त्यांत दोन अवघड शब्द. दुसऱ्या शब्दापाशीं ती अडखळे, आणि आई म्हणे, "पुन्हां पहिल्यापासून." असें सात-आठ वेळां झालें. भाकरी तव्यावर, उलथनें हातांत, आणि डोळे मुलीवर. शेवटीं मुलीच्या तोंडून शब्दाऐवजीं हुंदका बाहेर आला, तेव्हां आईचाही धीर सुटला. ती आम्हांस म्हणाली, "सगळ्यांच्या मुलांना येतें, पाळकसाहेब, आमच्याच हिला येत नाहीं. उद्यां चारचौघांत खालीं पाहावें लागेल." मुलगी अर्धी भाकरी ताटांत टाकून निजली.

त्याच वेळीं भिंतीपलीकडे शेजारच्या आजी आपल्या नातवाकडून परवचा म्हणवून घेत होत्या. पाढे झाले, मग एक स्तोत्र झालें. आजी अर्धी ओळ म्हणत व थांबत. उरलेली अर्धी नातू पुरी करी. एकदां त्यानें चौदाचा पाढा सोडून एकदम पंधराचा धरला, तेव्हां दोघेंही मोठ्यानें हंसलीं, व चौदाचा पाढा आजींनीं स्वतःच म्हणून दाखविला. शेजाऱ्यांच्या घरीं सर्व पाठांतर असें हंसतखेळतच होतें, असें मात्र कोणी समजूं नये. गांवच्या शाळेंत मास्तरांच्या छडीवांचून पावकी येत नसे, हें आमचे आजोबा पाठ चोळीत सांगत. तरी त्या रात्रीं भिंतीच्या दोन बाजूंस जें ऐकूं आलें त्यानें आम्हांस फार वेळ झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्या मुलीनें वचन बिनचूक म्हटलें. तिला टाळ्या मिळाल्या, आईचा चेहरा फुलला. परत येतांना आम्हीं तिला विचारलें, "बाळ, त्या वचनांत देव आपल्याला काय सांगतो ?" तिनें आमच्याकडे पाहिलें व म्हटलें, "आतां तें झालें ना ?"

सोमवारीं, शिवण उसवलेलीं कांहीं गीतपुस्तकें बांधून घेण्यासाठीं आम्ही त्याच पेठेंतील एका बाइंडिंगच्या दुकानांत गेलों. तेथें काम करणारा एक तरुण आमच्याकडे पुन्हां पुन्हां पाहूं लागला, व मग म्हणाला, "पाळकसाहेब, मला ओळखलें नाहीं ?" त्यानें बापाचें व गांवाचें नांव सांगितलें, तेव्हां आम्हीं ओळखलें.

वीस वर्षांपूर्वीं, सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडून, आम्ही त्या खेड्यांत काम करीत होतों. नाताळच्या कार्यक्रमांत नऊ वर्षांचा एक मुलगा तेविसावें स्तोत्र म्हणण्यास उभा राहिला. चवथ्या वचनांत, अंधाऱ्या दरीचा उल्लेख जेथें येतो, तेथें तो अडला. आम्हीं त्याला पुढचा शब्द सांगितला नाहीं. बाहेरगांवचे पाहुणे आलेले. नव्या उपदेशकाचीं मुलें एक अक्षर चुकत नाहींत असें त्यांनीं जाऊन सांगावें, ही आमची हौस. आम्हीं त्याला दोनदां "पुन्हां पहिल्यापासून" म्हटलें. तिसऱ्या वेळीं तो त्याच जागीं थांबला व लोक हंसूं लागले. मुलगा व्यासपीठावरून उतरला तो सरळ दाराबाहेर गेला. पुढें तो शब्बाथशाळेंत आला नाहीं. आम्हीं दोन वेळां निरोप पाठविला. त्याच्या घरीं स्वतः मात्र गेलों नाहीं.

तोच हा. दुकानांत उभ्या उभ्या त्यानें स्तोत्र म्हणून दाखविलें : पहिलें वचन, दुसरें, तिसरें, आणि चवथ्यांत त्याच शब्दापाशीं थांबला. रागानें नव्हे, हंसून. "येथपर्यंत अजून येतें, साहेब. पुढचें केव्हांच आलें नाहीं." मग त्यानें सांगितलें कीं त्याला सहा वर्षांची मुलगी आहे, व बायको तिला शब्बाथशाळेंत पाठवूं म्हणते. खळीचा हात फडक्याला पुसून त्यानें विचारलें, "तेथें मुलांना एकएकटें उभें करितात काय ?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. तेथील शिक्षकबाईंना विचारून कळवितों, एवढेंच म्हणून आम्ही बाहेर पडलों.

आतां शास्त्राकडे वळूं. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मुलांना वचन शिकविण्याची आज्ञा आहे, व ती वाचतांना आपण एक गोष्ट ओलांडून जातों. वचनाची पहिली जागा तेथें मुलाच्या तोंडांत सांगितलेली नाहीं, ती मोठ्यांच्या अंतःकरणांत सांगितली आहे (वचन ६). त्यानंतर शिकविण्याच्या वेळा येतात (वचन ७) : घरीं बसलेले असतां, वाटेनें चालतां, निजतां, उठतां. ह्यांत परीक्षेचा दिवस नाहीं व व्यासपीठही नाहीं. घरांत दिवसभर जें बोलणें चालतें त्यांतच वचनाचें बोलणें मिसळावें, असा तो विधि आहे. ज्या घरांत एरव्हीं आठवडाभर वचनाचा शब्द निघत नाहीं, त्या घरांत शनिवारीं रात्रीं तें मुलाच्या मानेवर ठेवणें म्हणजे बापाचें ओझें लेंकराच्या डोक्यावर देण्यासारखें आहे.

कलस्सैकरांस लिहितांना प्रेषित पौलानें बापांना एक लहानशी ताकीद दिली आहे. तिचा भाव असा कीं मुलांना चिडीस आणूं नका, नाहींतर त्यांचा धीर खचेल. इफिसकरांसही तो बापांना असेंच बजावतो (६:४), परंतु धीर खचण्याचें कारण त्यानें कलस्सैच्या पत्रांतच दिलें आहे. आम्हांस तें कारण फार खोल वाटतें. चिडलेलें मूल उद्यां पुन्हां हंसतें. धीर खचलेलें मूल शहाण्यासारखें वागतें, सांगितलेलें करितें, आणि मनांतून निघून जातें. तें गेलेलें आपल्याला वर्षानुवर्षें कळतही नाहीं.

कोणी म्हणेल, मग पाठांतर सोडूनच द्यावें काय ? मुळींच नाहीं. मत्तयाच्या चवथ्या अध्यायांत प्रभूनें रानांत सैतानाला तीनही वेळां अनुवादाच्याच ग्रंथांतून उत्तर दिलें (८:३, ६:१६, ६:१३). तेथें जवळ गुंडाळी नव्हती, दिवा नव्हता, चाळीस दिवसांचा उपास होता. जें अंतःकरणांत सांठविलेलें होतें तेंच हाताशीं आलें. आपल्या मंडळींतील किती म्हाताऱ्या बायांना अक्षरओळख नाहीं, आणि दवाखान्याच्या खाटेवर त्यांना एखादें स्तोत्रच सोबत करितें, हें प्रत्येक उपदेशकानें पाहिलें आहे. पण त्याच अध्यायाचें सहावें वचन पुन्हां वाचा. तेथें सैतानही वचन म्हणतो, व तें एक्याण्णवाव्या स्तोत्रांतील आहे (वचनें ११ व १२). मध्यला एक तुकडा त्यानें गाळला आहे खरा. तरी आमच्या कित्येक वार्षिक परीक्षांत तेवढ्यावर तो पहिल्या वर्गांत उतरला असता.

पाठांतर प्रेमानें कसें होतें ह्याचें उदाहरण आपणांस दूर शोधावयास नको. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या रानांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा विरोध सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें होतें, आणि रमाबाईंना आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकविलें तें मुख्यतः ह्या आईनें. रमाबाईंचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांविषयींचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं अमेरिकेंत निघालें. त्याच्या प्रस्तावनेंत डॉक्टर रेचल बॉडली ह्या बाईनें त्या शिक्षणाची हकीगत दिली आहे. दिवसभर आईला घरकामांतून सवड नसे, म्हणून धडा पहांटे व्हावयाचा. झोंपेनें जड झालेल्या मुलीला आई लाडीगोडीनें जागी करी, रानांत पांखरें बोलूं लागलेलीं असत, आणि आई म्हणे त्यामागून मुलगी म्हणे. हातांत पुस्तक नसे. बाराव्या वर्षाच्या सुमारास रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. (हें वाचून कोणी आपल्या मुलापुढें अठरा हजारांचा आंकडा ठेवूं नये, ही विनंति.)

ती शिकवण पुराणांची होती, ख्रिस्ती नव्हती, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्या पहांटेच्या धड्यांत शिकण्याची भूक मारली गेली नाहीं, ही गोष्ट मोठी आहे. १८८२ सालीं रमाबाई पुण्यास आल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९० सालीं त्यांचें शारदासदन मुंबईहून पुण्यास आलें, आणि पुढें केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. अखेरच्या वर्षांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठींत त्यांनीं पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या, व तें सबंध पवित्र शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. आठव्या वर्षीं जिला पाठांतराचा वीट आला असता, तिनें पुढें तें काम हातीं धरलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

शनिवारच्या रात्रीविषयीं आणखी एक सांगावयाचें आहे. ती केवळ निष्ठुर आहे असें नव्हे, ती कुचकामाचीही आहे. जर्मनींतील हर्मान एबिंगहाउस ह्या विद्वानानें १८८५ सालीं स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या ओळी जुळवून त्या त्यानें स्वतःच पाठ केल्या व प्रत्येक आवृत्ति मोजली. त्याला आढळलें कीं एकाच दिवशीं ६८ वेळां घोकल्यानें जें साधतें तें तीन दिवसांवर वांटून ३८ वेळां म्हटल्यानेंही साधतें. आणि निरर्थक अक्षरांऐवजीं अर्थ असलेली कविता घेतली तेव्हां सुमारें एक दशांश श्रम पुरले. म्हणजे जी आई सोमवारपासून रोज थोडें थोडें म्हणवून घेईल, व आधीं अर्थ सांगेल, तिला शनिवारीं उलथनें उगारण्याची वेळ येणार नाहीं. पुढें १९१७ सालीं आर्थर गेट्स ह्या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें शाळेंतील मुलांवर प्रयोग करून दाखविलें कीं सर्व वेळ पुस्तकांत पाहून घोकण्यापेक्षां निम्म्याहून अधिक वेळ पुस्तक मिटून आठवून म्हणण्यांत घालविला तर अधिक लक्षांत राहतें. शनिवार पेठेंतील त्या आजींनीं ह्यांतला एकही ग्रंथ वाचलेला नसेल, तरी अर्धी ओळ म्हणून थांबण्याची त्यांची रीत ह्याच जातीची होती.

बक्षिसांविषयीं आमचें मत कित्येकांस रुचणार नाहीं, कारण आम्ही स्वतःच बक्षिसाचीं पुस्तकें घेण्यास गेलों होतों. वचनांमागें तिकिटें देण्याची चाल पाश्चात्य शब्बाथशाळांत फार जुनी आहे. मार्क ट्वेन ह्या अमेरिकन लेखकाच्या टॉम सॉयर ह्या १८७६ सालच्या कादंबरींत तिची थट्टा आहे. तेथें दोन वचनांस एक निळें तिकीट, आणि चढत चढत दोन हजार वचनांस एक पवित्र शास्त्र असा दर आहे. टॉम वचनें पाठ करीत नाहीं. तो आपल्या जवळचीं चीजवस्तु देऊन इतर मुलांकडून तिकिटें घेतो, आणि ऐटीनें बक्षीस घ्यावयास जातो. पहिल्या दोन शिष्यांचीं नांवें विचारल्यावर तो दाविद व गल्याथ अशीं सांगतो. ही झाली गोष्ट. पण १९७३ सालीं अमेरिकेंत मार्क लेपर व त्याचे दोन सोबती यांनीं बालवाडींतील मुलांवर खरा प्रयोग केला. ज्यांना चित्रें काढण्याची मुळांत आवड होती अशा कांहीं मुलांस, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊं, असें आधीं कबूल केलें व तें दिलें. कांहीं दिवसांनीं पाहतात तों तींच मुलें पूर्वींच्या हौसेनें चित्रें काढीतनाशीं झालीं; बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या मानानें त्यांचा चित्रांतला वेळ सुमारें निम्म्यावर आला. ज्यांना आधीं न सांगतां अचानक प्रशस्तिपत्र दिलें त्यांची आवड मात्र कमी झाली नाहीं. म्हणून आम्हीं आणलेलीं पुस्तकें ह्या वर्षीं कोणत्याही आंकड्यावर लावलीं नाहींत. एका रविवारीं, काहीं न बोलतां, वर्गांतील प्रत्येक मुलाच्या हातीं एकेक दिलें. दोन पालकांनीं कुरकुर केली कीं आळशी मुलांनाही मिळालें. मिळालें खरें.

आतां खेड्यांतील घरासाठीं दोन शब्द. आईला वाचतां येत नसेल तरी अडत नाहीं. लक्ष्मीबाईंच्या धड्यांतही पुस्तक नव्हतें. रविवारीं शिक्षकानें वचन आईलाच आधीं तोंडीं द्यावें. पूर्वीं जात्यावर ओव्या होत. आतां जातें बहुतेक घरांतून गेलें आहे, पण गिरणीवर दळण ठेवून उभें राहावेंच लागतें, शेताची वाट चालावीच लागते. तेथें आईनें अर्धें म्हणावें, मुलानें अर्धें. चाल लावतां आली तर फारच उत्तम. मूल अडलें कीं शब्द लगेच सांगावा, आणि पुढें जावें. पहिल्यापासून पुन्हां म्हणविण्याची शिक्षा कोणीही देऊं नये. मुलानें मूळ शब्दाऐवजीं आपला घरचा शब्द घातला तर आनंद मानावा, कारण त्यावरून अर्थ पोहोंचल्याचें कळतें. मूळ शब्द मागाहून येतो. अधूनमधून शिक्षकानें स्वतः वर्गापुढें वचन म्हणावें व मुलांना चुका काढूं द्याव्या. आम्हीं हें करून पाहिलें. मुलांनीं आमच्या तीन चुका काढल्या, व त्या आठवड्याचें वचन वर्गांत सर्वांना आलें.

अर्थ सांगतांना गांवांतलें डोळ्यांपुढचें सांगावें. तेविसावें स्तोत्र शिकवावयाचें असेल तर मुलांना धनगराच्या वाड्यावर न्यावें. त्याच्या हातांतील काठी पाहूं द्यावी, आणि ती कशासाठीं आहे हें त्यालाच विचारूं द्यावें. ती मेंढरांचीं हाडें मोडण्यासाठीं नसते. रात्रीं लांडगा येतो त्याच्यासाठीं असते. चवथ्या वचनांत त्या काठीनें धीर येतो असें दाविद कां म्हणतो, तें मग समजावून द्यावें लागत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं आम्हीं त्या मुलाला धनगराकडे नेलें नव्हतें.

आणि किती वचनें ? आंकडा हवाच असेल तर महिन्याला एक, वर्षाला बारा. ज्याला अधिक हवीं त्यानें अधिक मागून घ्यावीं.

पुण्याहून निघण्यापूर्वीं आम्ही त्या शिक्षकबाईंना भेटलों व बाइंडिंगवाल्या तरुणाचा प्रश्न, नांव न सांगतां, त्यांच्यापुढें ठेवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आजवर करीत होतों." त्यांच्या वर्गांत आतां मुलें चटईवर बसून सर्व मिळून वचन म्हणतात, व ज्याला वाटेल तोच उभा राहतो. तसें आम्हीं दुकानांत कळविलें. परवां त्यांचें पत्र आलें. सहा वर्षांची ती मुलगी तीन रविवार आली. तिसऱ्या रविवारीं तिचा बाप तिला पोहोंचवावयास आला होता. आंत या म्हटलें तर आला नाहीं, पण मुलें तेविसावें स्तोत्र म्हणत होतीं तोंपर्यंत पायांतील चप्पल न काढतां दाराशीं उभा होता.